कोळीवाड्यातला पीटर: ठाण्यातील एका हौशी वाद्यवृंदाच्या कामाच्या नोंदी

३ सप्टेंबर

ऑगस्टमधल्या कार्यक्रमाचा हिशेब आज पूर्ण झाला. सभागृहाचे भाडे, ध्वनिव्यवस्था, पत्रके आणि वाहतूक मिळून ३८,००० रुपये गेले. प्रवेश विनामूल्य असूनही निम्म्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या राहिल्या. आलेल्यांत वादकांचे नातेवाईक आणि एरवी नरिमन पॉइंटला मैफली ऐकायला जाणारे ठरावीक रसिक एवढेच होते. सभागृहापासून चालत दहा मिनिटांवर राहणारी माणसे जवळजवळ आलीच नाहीत. ठाणे आणि नवी मुंबई परिसरात असा पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा हौशी वाद्यवृंद चालवणाऱ्या किंवा सुरू करू पाहणाऱ्या इतर गटांना उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी ठेवायचे ठरवले आहे. आमच्याकडे पंचवीस-तीस हौशी वादक आहेत. व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो पुरेसे आहेत, एक डबल बेस आहे, फ्लूट, क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट आहे. ओबो, बॅसून आणि फ्रेंच हॉर्न ही फुंकवाद्ये वाजवणारे मात्र कोणीही नाही.

मध्यंतरात उठून गेलेल्या काही जणांनी दारातल्या वहीत आपले क्रमांक लिहिले होते. त्यांना फोन करून कारणे विचारली. गाणारे कोण आहेत हे कळलेच नाही, असे एकाने सांगितले. तेवढ्या वेळात मंचावरून एकही माणूस बोलला नाही, असे दुसऱ्याने सांगितले. एका बाईंना, मूल रडू लागताच आमच्याच स्वयंसेवकाने बाहेर जायची खूण केली होती. सर्वांत उपयोगी उत्तर एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याचे होते: "छान वाजवलंत, पण आमचं तिथं काय काम होतं?"

इथल्या लोकांना हे संगीत कळत नाही, असे निदान बैठकीत लगेच पुढे आले. ते आम्ही मान्य केले नाही. हिंदी चित्रपटसंगीतातली व्हायोलिनची भरगच्च साथ ठाणेकरांनी दोन-तीन पिढ्या ऐकली आहे, आणि ती वाजवणाऱ्यांत स्टाफ नोटेशन (पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचणारे गोव्याचे वादक पुष्कळ होते. त्यांच्यापैकीच अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात पाश्चात्त्य वाद्यवृंद आणि रागसंगीत एकत्र आणण्याचा प्रयोग केला होता. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट तर इथल्या वरातींत रोज वाजतात. तेव्हा या नादाशी लोकांची ओळख नाही असे म्हणता येत नाही. आपण तो नाद कोणाच्या हातून, कुठे आणि कोणत्या वेळी ऐकवतो, हे तपासायला हवे.

१० सप्टेंबर

पुढचा कार्यक्रम चेंदणी कोळीवाड्याच्या परिसरात आणि तासाभराचा करायचा, एवढे ठरले. रचनेची निवड हा पहिला वाद झाला. इंग्लिश रचनाकार बेंजामिन ब्रिटन यांची वाद्यवृंदाची ओळख करून देणारी १९४५ची रचना अनेकांना हवी होती, परंतु ब्रिटन १९७६ साली वारले. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, म्हणजे ती रचना २०३६ संपेपर्यंत हक्कांत आहे. परवानगी आणि भाड्याने घ्यायची स्वरलिपीची पाने हा खर्च आम्हाला झेपणारा नाही. रशियन रचनाकार प्रोकोफिएव्ह १९५३ साली वारले, त्यामुळे त्यांची 'पीटर आणि लांडगा' ही १९३६ची रचना इथे २०१४ पासून मुक्त आहे. कथेचे शब्दही त्यांचेच असल्याने मराठी निवेदन करायलाही अडचण नाही. ही रचना मॉस्कोतल्या मुलांच्या नाट्यगृहासाठी लिहिली गेली. तिची लांबी अर्ध्या तासाच्या आत-बाहेर आहे, आणि प्रत्येक पात्राला स्वतःचे वाद्य आहे: पक्ष्याला फ्लूट, बदकाला ओबो, मांजराला क्लॅरिनेट, आजोबांना बॅसून, लांडग्याला तीन फ्रेंच हॉर्न, पीटरला तंतुवाद्ये, आणि शिकाऱ्यांच्या बंदुकांना टिंपनी (नगाऱ्यासारखे वाद्य) व बेस ड्रम.

अडचण उघड आहे. बदक, आजोबा आणि लांडगा आमच्याकडे नाहीत. हे वादक मुंबईत मुळातच दुर्मीळ आहेत. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्राच्या, २००६ साली स्थापन झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियालाही परदेशांतून वादक आणावे लागतात.

लांडग्याचा बिबट्या करावा, अशी एक सूचना आली. ठाण्यालगतच्या येऊरच्या जंगलाच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलांना बिबट्या ही गोष्टीतली वस्तू वाटत नाही, त्यामुळे ती सोडून दिली. पीटर, आजोबा आणि लांडगा रशियातच राहतील.

१ ऑक्टोबर

लांडगा कोळीवाड्यातच सापडला. लग्नांत वाजवणाऱ्या एका बँडच्या मास्तरांना भेटलो. त्यांच्याकडे एक ऑल्टो आणि दोन टेनर सॅक्सोफोन आहेत, यूफोनियम हे पितळी फुंकवाद्य आहे, साइड ड्रम आणि बेस ड्रम आहे. तीन हॉर्नऐवजी दोन टेनर आणि यूफोनियम, ओबोऐवजी ऑल्टो, आणि बॅसूनची ओळ आमच्या चेलोवादक ताईंकडे, अशी वाटणी ठरली. टिंपनीचे काम बेस ड्रमवर आणावे लागेल. चेलोला बॅसूनची ओळ आहे तशी वाचता येते, त्यामुळे तिथे काहीच लिहावे लागले नाही. बाकीचे सगळे नव्याने लिहावे लागले, कारण त्या वाद्यांचा सा वेगवेगळा असतो.

ज्यांना हेच करायचे असेल त्यांच्यासाठी मापे अशी. हॉर्नसाठी लिहिलेली ओळ टेनर सॅक्सोफोनला देताना पंचमाने वर चढवावी. यूफोनियमवाला ट्रेबल क्लेफ वाचत असेल तर तेच पान त्यालाही चालते. ओबोची ओळ ऑल्टोला देताना सहाव्या स्वरावर, म्हणजे सा असेल तिथे शुद्ध धैवत, अशी वर न्यावी आणि फार उंच गेल्यास सप्तक खाली घ्यावे. मांजराची ओळ मुळात 'ए' पट्टीच्या क्लॅरिनेटसाठी आहे. आपल्याकडे सर्वत्र बी फ्लॅट क्लॅरिनेट असते, त्यासाठी ती अर्ध्या स्वराने उतरवावी. म्यूझस्कोर हे विनामूल्य सॉफ्टवेअर हे सगळे आपोआप करते, पण सप्तक ते स्वतः निवडत नाही. तिथे प्रत्येक पान वादकापुढे ठेवून, वाजवून पाहिल्याशिवाय छापू नये.

८ ऑक्टोबर

मानधनावरून बैठक लांबली. आमच्यातले कोणीही पैसे घेत नाही. मग बँडला का द्यायचे, असा दोघांचा आग्रह होता. आम्ही नोकरी सांभाळून वाजवतो आणि ते वाजवून घर चालवतात, हा फरक आहे. त्यांची संध्याकाळ फुकट मागणे म्हणजे समाजसेवेच्या नावाखाली समाजाकडूनच वर्गणी घेणे होय. दर तालमीला माणशी ५०० रुपये आणि कार्यक्रमाला २,००० रुपये ठरले. आक्षेप घेणाऱ्यांपैकी एक व्हायोलिनवादक त्यानंतर तालमीला आलेले नाहीत.

१५ ऑक्टोबर

पहिली एकत्र तालीम झाली. रविवारी मध्य रेल्वेच्या मेगाब्लॉकमुळे डोंबिवली आणि मुलुंडचे वादक अडकतात, म्हणून वेळ सकाळी साडेसात ते साडेदहा अशी ठेवली आहे. त्या वेळी मालडब्यात डबल बेसलाही जागा मिळते.

स्वर जुळेना. ऑक्टोबरच्या उकाड्यात फुंकवाद्यांचा स्वर चढतो आणि तारांचा उतरतो. पंख्याखाली बसलेली व्हायोलिने आणि दाराशी उन्हात उभे असलेले सॅक्सोफोन यांच्यात ते अंतर उघडपणे ऐकू येत होते. एरवी ओबोच्या स्वरावर सगळे जुळवून घेतात. आमच्याकडे ओबो नसल्याने क्लॅरिनेटवर जुळवले. आता सर्व वाद्ये एकाच खोलीत अर्धा तास ठेवतो, बँडवाले आधी थोडे वाजवून वाद्ये तापवतात, सॅक्सोफोनची तोंडे किंचित बाहेर ओढतात, आणि मगच तंतुवाद्ये जुळवली जातात. क्रम उलटा केला की सगळे पुन्हा करावे लागते.

दुसरी अडचण भाषेची निघाली. मास्तर आणि एक टेनरवाले स्टाफ नोटेशन वाचतात, बाकीचे ऐकून बसवतात. मास्तरांनी लांडग्याची ओळ शाळेच्या दुरेघी वहीत सारेगममध्ये लिहून आणली होती. प्रत्येक ओळीवर निळ्या पेनने बोटांच्या खुणा होत्या आणि जिथे श्वास घ्यायचा तिथे छोटे फुलीचे चिन्ह. वही उत्तम होती; परंतु त्यांचा सा आणि व्हायोलिनचा सा वेगळा असल्यामुळे संचालकांनी "सा पासून घ्या" म्हटले की दोन ठिकाणांहून दोन सुरुवाती होत. मात्रांचे क्रमांक सांगावेत तर ज्यांच्यापुढे पान नाही त्यांना ते निरुपयोगी. शेवटी असे ठरले की प्रवेशाची खूण निवेदनातले ठरावीक वाक्य हीच असेल. मांजर झाडावर चढले हे वाक्य संपले की टेनर तोंडाला लावायचे. वाचणाऱ्यांसाठी आणि न वाचणाऱ्यांसाठी एकच खूण झाली.

बदकासाठी सनई घेऊन पाहावी, ही कल्पना मोहक होती, कारण सनईही ओबोसारखीच दुहेरी पात्याचे (डबल रीड) वाद्य आहे. एका सनईवादकांनी मोठ्या आस्थेने दोन तालमी दिल्या. बदकाच्या चालीत लागोपाठ अर्धे स्वर येतात, ते अर्धवट छिद्रे झाकून काढताना गती राहत नव्हती, आणि मांडवासाठी घडलेला तो आवाज बंद खोलीत फ्लूटला पूर्ण झाकत होता. त्यांनीच हसून सांगितले की हे बदक माझे नव्हे. भारतीय वाद्य घातले की कार्यक्रम आपोआप आपला होतो, असे समजून वेळ घालवू नये. ज्या वाद्याला त्या जागी खरोखर काम आहे तेच घ्यावे.

५ नोव्हेंबर

निवेदन कोण करणार, यावर महिना गेला. न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाच्या मुलांसाठीच्या मैफलींत संचालक लेनर्ड बर्नस्टाइन १९५८ पासून १९७२ पर्यंत स्वतः बोलत आणि स्वतः वाजवून घेत. त्या दूरचित्रवाणीवरून घरोघर पोहोचल्या. त्या आधारावर आमच्या संचालकांनी बोलून पाहिले. ते फार जाणकार आहेत आणि त्यांचे निवेदन व्याख्यान झाले. मग नाट्यक्षेत्रातल्या एका तरुणाने वाचून पाहिले. त्याचे डोळे कागदावरून उठत नव्हते.

व्हायोला वाजवणाऱ्या एका ताईंचे काका कीर्तनकार आहेत. बुवांना बोलावले. आख्यान सांगता सांगता थांबणे, पेटी-तबल्याला जागा देणे आणि तो तुकडा संपताच पुढचा शब्द बरोबर टाकणे, हे त्यांचे आयुष्यभराचे काम आहे. पहिल्याच वाचनात आजोबांच्या चालीवर त्यांनी मान अशी हलवली की चेलोवादक ताईंनी लय आपोआप कमी केली.

परंतु बुवा रमले की कथा वाढते. पीटरच्या तळ्याचा त्यांनी ठाण्यातला मासुंदा तलाव केला, त्यात बदकाबरोबर बोटिंग आणले, आणि ठरावीक वाक्य आलेच नाही. टेनरवाले वाद्य तोंडाला लावून थांबून राहिले. मजकूर पाठ करून शब्दशः बोला, असे सांगितले असते तर बुवांना बोलावण्यात अर्थ उरला नसता. तोडगा असा निघाला: चार वाक्ये अचल, बाकी सगळे मोकळे. ती चार वाक्ये मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या पुढ्यात ठेवली. ते पाहताच बुवा म्हणाले, "म्हणजे अभंगाचं ध्रुपद. ते नाही कोणी बदलत." त्यानंतर एकही प्रवेश चुकला नाही. शिवाय जिथे बुवा हवे तितके बोलू शकतात तिथे वाद्यवृंद पूर्ण थांबतो, आणि जिथे संगीताखाली बोलायचे आहे तिथे त्यांनी एका श्वासात मावेल एवढेच बोलायचे, असे दोन प्रकार पानांवर वेगळ्या रंगांनी दाखवले.

२६ नोव्हेंबर

तुळशीचे लग्न लागले आणि बँड गेला. हळदी, लग्ने, वराती. तालमींचे वेळापत्रक आता कालनिर्णयमधले मुहूर्त पाहून नव्याने केले आहे; रविवार हा हक्काचा दिवस राहिलेला नाही. हे सप्टेंबरातच करता आले असते तर तीन आठवडे वाचले असते.

१० डिसेंबर

महापालिकेच्या एका शाळेत वाद्यांची ओळख करून देण्याचा उपक्रम झाला. साठ मुले, पाच व्हायोलिने आणि पाऊण तास हे गणित चालत नाही. मुलांनी बोचे (व्हायोलिनच्या गजाचे) केस हातात धरले, हाताचे तेल लागले, आणि पुढच्या दहा मिनिटांत त्या बोंतून आवाज येईनासा झाला. एका विद्यार्थी-व्हायोलिनच्या खुंट्या फिरवता फिरवता सगळ्या तारा सैल झाल्या, तारा ज्यावर टेकतात तो ब्रिज आडवा पडला आणि पाठोपाठ आतली काठीही पडली. ती काठी जागेवर बसवणे घरी जमत नाही. कारागिराला १,६०० रुपये द्यावे लागले.

पुढच्या वर्गांत दहा-दहा मुलांचे गट केले, व्हायोलिने तीनच नेली, बो जुने नेले, आणि मुलाने बो धरायचा पण व्हायोलिन वादकाच्याच खांद्यावर राहील, अशी पद्धत ठेवली. मूल बो ओढते, स्वर वादक दाबतो. पहिल्याच ओढीला स्वच्छ स्वर निघतो, आणि वाद्यही सुरक्षित राहते. बँडच्या यूफोनियमपुढे मात्र सर्वांत मोठी रांग लागली. त्यातली निम्मी मुले मास्तरांना ओळखत होती, आणि काका इथे काय करतात, हाच त्यांचा मुख्य प्रश्न होता.

कर्णबधिर मुलांच्या एका शाळेलाही आमंत्रण दिले आहे. तळहातांत फुगवलेला फुगा धरला की त्यातून कंपने जाणवतात, ही पद्धत इतर देशांतले वाद्यवृंद वापरतात. डबल बेसशेजारी करून पाहिले. खालचे स्वर फुग्यात स्पष्ट कळतात, फ्लूट जवळजवळ कळत नाही. शिक्षिकांनी सुचवले की मुलांना वाद्यवृंदाच्याच लाकडी मंचाच्या कडेवर बसवावे, म्हणजे बेस ड्रम पायांनाही लागेल. मंच भाड्याने घ्यायचा की जमिनीवरच बसायचे हा प्रश्न त्यामुळे सुटला.

२४ डिसेंबर

समारोपाला काय वाजवायचे, हे मास्तरांवर सोपवले होते. त्यांनी लग्नात वाजणारी एक कोळी चाल निवडली. व्हायोलिनच्या साथीची पाने आम्ही लिहिली, सहा मात्रांची, अचूक. वाजवल्यावर ती परेडसारखी वाटली. कागदावर समान दिसणाऱ्या त्या मात्रा प्रत्यक्षात समान नसतात. दुसरी किंचित मागे रेंगाळते आणि तिसरी घाईने येते. मास्तरांनी बो खाली ठेवायला लावले आणि सर्वांना उभे करून पावले टाकायला लावली. वकील, बँक अधिकारी, दोन प्राध्यापिका, सगळे खोलीत होडी वल्हवल्यासारखे झुलत होते. मग वाजवले तेव्हा चाल बसली. तीन महिने बँड आमच्याकडून शिकत होता. या तालमीनंतर दोन्हीकडच्या लोकांचे परस्परांशी बोलणे बदलले. चहाच्या वेळी वेगळे बसणे थांबले. हा तुकडा शेवटी जोडलेला नमुना म्हणून ठेवणाऱ्या गटांना माझे सांगणे आहे की तो पहिल्या महिन्यातच तालमीला घ्यावा.

७ जानेवारी

जागा. कोळीवाड्यातल्या मोकळ्या चौकात वाजवावे, अशी सर्वांची इच्छा होती. एका संध्याकाळी चार व्हायोलिने आणि फ्लूट नेऊन पाहिले. स्थानकाच्या बाजूने येणारा गाड्यांचा आवाज आणि दुचाकी यांत दहा पावलांवर फ्लूट ऐकू येत नव्हता. ध्वनिक्षेपक लावले तर ध्वनिप्रदूषण नियम, २००० लागू होतात: परवानगी हवी, निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, आणि रुग्णालय-शाळेभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकते. मुख्य म्हणजे ध्वनिक्षेपकातून आलेला वाद्यवृंद आणि रेकॉर्ड यांत ऐकणाऱ्याला फरक उरत नाही. कोळीवाड्यापासून जवळच्या एका शाळेचे सभागृह ४,००० रुपयांत मिळाले.

त्याच बैठकीत दीपप्रज्वलन, सत्कार आणि भाषणे वगळायचे ठरले. पहिल्या रांगेतले सोफेही रद्द. खुर्च्यांचा खर्च उचलण्याचे कबूल केलेल्या एका स्थानिक पुढाऱ्यांनी त्यानंतर शब्द मागे घेतला. ते अपेक्षित होते. पाहुण्यांची वाट पाहत तासभर बसलेली मुले पीटर सुरू होण्याआधीच थकतात, आणि तासाभराच्या कार्यक्रमाला पाऊण तासाचा सत्कार परवडत नाही.

प्रेक्षकांनी कसे वागावे याची एकही सूचना द्यायची नाही, हा निर्णय सर्वांत कठीण गेला. आमच्यातल्या जुन्या सभासदांना मधली टाळी सहन होत नाही. परंतु १७७८ साली पॅरिसमध्ये आपल्या सिम्फनीच्या पहिल्याच भागात लोकांनी मध्येच टाळ्या दिल्या, हे मोत्सार्टने वडिलांना पत्रातून आनंदाने कळवले होते. लंडनच्या प्रॉम्स मैफली १८९५ साली सुरू झाल्या तेव्हा स्वस्त तिकिटावर लोक उभे राहून ऐकत, खातपीत आणि धूम्रपानही करत. गप्प बसण्याची शिस्त ही या संगीताइतकी जुनी नाही. मुलांनी फिरावे, आजींनी दाद द्यावी. दिवे पूर्ण मालवायचे नाहीत आणि मागे एक शांत खोली उघडी ठेवायची, म्हणजे गोंगाट न सोसणाऱ्या मुलांना घेऊन पालकांना तिथे बसता येईल.

२१ जानेवारी

रंगीत तालीम. सभागृहाच्या उघड्याबोडक्या भिंती आणि पत्र्याचे छत यांमुळे बेस ड्रमचा एक ठोका तीनदा ऐकू येत होता. मांडववाल्याकडून सतरंज्या आणून जमिनीवर आणि मागच्या भिंतीवर टाकल्या. बंदुकांसाठी बेस ड्रमवर घडी केलेला टॉवेल. छताच्या पंख्यांनी पाने उडत होती, ती कपड्यांच्या चिमट्यांनी अडवली. प्रत्येक स्टँडला दोन चिमटे, आणि पान उलटण्याच्या जागी शेजाऱ्याने चिमटा काढायचा. पंख्यांची घरघर फ्लूटच्या एकल तुकड्यात आड येत होती. संध्याकाळी थंडावा असतो, त्यामुळे तेवढ्यापुरते पंखे बंद करायचे काम एका स्वयंसेवकाकडे दिले.

२८ जानेवारी

सायंकाळी साडेसहाची वेळ होती आणि साडेसहालाच सुरू केले. सव्वासहापर्यंत निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. नंतर कोळीवाड्यातली माणसे एकदम आली, घरेच्या घरे, आणि सतरंज्याही भरल्या. पत्रके आम्ही ऑगस्टपेक्षा कमी छापली होती. बँडच्या सहा जणांनी आपापल्या गल्लीत सांगितले होते, शाळेतल्या मुलांनी घरी सांगितले होते, आणि बुवांचा श्रोतृवर्ग वेगळाच होता. नऊवारीतल्या काही आजी कीर्तन समजून आल्या आणि बसून राहिल्या.

चूक झाली ती अशा ठिकाणी की जिथे आम्ही निश्चिंत होतो. शाळेतल्या वर्गांत मुलांना गोष्ट ठाऊक झाली होती. मांजर झाडावर चढले, हे अचल वाक्य बुवा म्हणणार तोच मागून पंधरा-वीस मुलांनी ते एका सुरात म्हणून टाकले, आणि दोन्ही टेनर आत आले. फ्लूट आणि क्लॅरिनेट अजून मागच्याच प्रसंगात होते. संचालकांनी हात वर करून सगळ्यांना थांबवले. बुवा शांतपणे म्हणाले, "लांडगा फार भुकेला दिसतो. थांब बाबा, अजून तुझी पाळी यायची आहे." सभागृह हसले, तुकडा पुन्हा घेतला. यापुढे खूण दुहेरी ठेवायची: बुवांचे वाक्य आणि संचालकांचा हात, दोन्ही मिळाल्याशिवाय वाद्य वाजवायचे नाही.

लांडगा खरोखर आला तेव्हा टाळ्या आणि शिट्ट्या एवढ्या झाल्या की दुसऱ्या आवर्तनापर्यंत यूफोनियम कोणालाच ऐकू आले नाही. लांडग्यासाठी नव्हे, मास्तरांसाठी. हेच ऑगस्टमध्ये नव्हते. बदक गिळले गेल्यावर ऑल्टोच्या तुकड्याला मात्र आपोआप शांतता झाली. कर्णबधिर शाळेची मुले मंचाच्या कडेवर होती. बंदुकांच्या ठोक्याला त्यांचे फुगे एकदम वर उचलले जात. दोन मुलांनी फुगे बाजूला ठेवून डबल बेसच्या पाठीवर हात ठेवला आणि वादकांनी त्यांना तसेच राहू दिले. त्या काळात त्यांचे दोन-चार स्वर निसटले असतील.

कोळी चालीला मागच्या रांगा उठून नाचल्या. आमच्या दुसऱ्या व्हायोलिनांनी लय पकडून ठेवली, हे महत्त्वाचे, कारण साथीची लय सुटली असती तर तो सगळा प्रकार पाहुण्यांनी केलेली नक्कल ठरला असता.

ऑगस्टमध्ये ज्यांनी "आमचं काय काम" असे विचारले होते त्यांना आमंत्रण दिले होते. ते आले नाहीत.

४ फेब्रुवारी

खर्च: बँडचे मानधन ३०,०००, बुवांचे ३,०००, खुर्च्या, सतरंज्या आणि लाकडी मंच ११,५००, चहा-नाश्ता ६,९००, सभागृह ४,०००, डबल बेस आणि ड्रमसाठी छोटा हत्ती टेम्पो ३,६००, छपाई २,४००, व्हायोलिन दुरुस्ती १,६००. एकूण ६३,००० रुपये. दारातल्या डब्यात १९,००० जमले, उरलेले ४४,००० सभासदांच्या वर्गणीतून गेले. ऑगस्टपेक्षा खर्च २५,००० रुपयांनी वाढला आहे आणि तो असाच दर खेपेस करणे आम्हाला शक्य नाही. मंच आणि नाश्ता कमी करता येईल; बँडचे मानधन कमी करायचे नाही, यावर या वेळी मतभेद झाला नाही.

एका सभासदाने विचारले की हे एकदा झाले, पुढे काय. प्रश्न योग्य आहे. व्हेनेझुएलात १९७५ साली होजे अँतोनियो आब्रेऊ यांनी सुरू केलेली एल सिस्तेमा ही वाद्यवृंद-शिक्षणाची चळवळ मुलांच्या रोजच्या तालमींवर उभी राहिली, वर्षातल्या एका मैफलीवर नव्हे. तेवढे आमच्या आवाक्यात नाही. आठवड्यातून एक तास मात्र आहे. शाळेत नेलेल्या त्या तीन व्हायोलिनांवर शनिवारी सकाळी वर्ग सुरू केला आहे. शिकवायला व्हायोलाच्या ताई आणि मास्तरांचा मुलगा आलटून पालटून जातात. परीक्षांमुळे मार्चमध्ये तो बंद राहील.

पुढचा कार्यक्रम मे महिन्यात घेण्याचा विचार मास्तरांनी पहिल्याच वाक्यात खोडून काढला, कारण मेमध्ये रोज लग्न असते. पावसाळ्यात लग्ने नसतात, पण व्हायोलिनच्या खुंट्या फुगून अडकतात आणि बोचे केस सैल पडतात. तरी जुलैच धरला आहे, आणि वाद्ये ठेवायच्या खोलीत दिवसभर दिवा लावून ठेवायची सोय पाहत आहोत.

नवी मुंबईतल्या दिवाळे गावातून एका बँडने पानांची विचारणा केली आहे. टेनर, यूफोनियम, ऑल्टो आणि बी फ्लॅट क्लॅरिनेटची पाने दुरुस्त करून, दोन्ही प्रकारच्या निवेदनाच्या रंगीत खुणांसह बांधून ठेवली आहेत. मास्तरांच्या वहीतल्या सारेगमच्या पानांच्या प्रतीही त्यात आहेत, पण त्यांवर कोणत्या वाद्याचा सा धरला आहे हे प्रत्येक पानाच्या माथ्यावर अजून लिहायचे आहे.